‘टाइम’ची संगत

इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे नाम कोणते, या प्रश्नाचे उत्तर ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 2006 साली शंभर कोटींहून अधिक शब्दांच्या संग्रहाच्या आधारे दिले आणि ते नाम ‘टाइम’ हे होते. त्याच्या पाठोपाठ ‘पर्सन’, ‘यिअर’, ‘वे’ आणि ‘डे’ ही नामे आली, म्हणजे पहिल्या पाचांत तीन नामे कालवाचक निघाली. इतका राबणारा शब्द एकाच अर्थाला बांधून राहत नाही. ‘टाइम’ म्हणजे मोजता येणारा कालावधी, घड्याळातला नेमका क्षण, एखादी गोष्ट किती वेळा घडली याची गणती, एखादे युग, संगीतातला ताल आणि बोलभाषेत तुरुंगवाससुद्धा. हे सारे अर्थ एकाच चार अक्षरी शब्दात कोंबलेले असूनही इंग्रजी बोलणाऱ्याचा घोटाळा होत नाही, कारण नामाच्या आधी येणारे क्रियापद, त्याला चिकटणारे विशेषण आणि ‘अ’ किंवा ‘द’ यांसारखे इवलेसे उपपद मिळून अर्थ ठरवून टाकतात. ‘टाइम’चा अर्थ त्याच्या सोबत्यांकडे असतो, आणि इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी जिथे अडखळतो ती जागाही बहुधा हीच असते.

शब्दांच्या या ठरीव सोबतीला भाषाविज्ञानात ‘कोलोकेशन’ म्हणतात. मराठीत त्याला शब्दसाहचर्य म्हणता येईल. ही संज्ञा भाषाविज्ञानात रुजवण्याचे श्रेय जॉन रूपर्ट फर्थ या ब्रिटिश अभ्यासकाला दिले जाते. फर्थ 1919 ते 1928 या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि पुढे लंडनमध्ये सामान्य भाषाविज्ञानाच्या अध्यासनावर आले. शब्दाच्या अर्थाचा काही भाग तो कोणत्या शब्दांच्या शेजारी नेहमी आढळतो यातच साठलेला असतो, ही कल्पना त्यांनी 1951 सालच्या एका निबंधात मांडली. रात्र आणि अंधार यांची जोडी हे त्यांनी दिलेले उदाहरण. त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे यांनी 1966 मध्ये दाखवले की चहाला इंग्रजीत ‘स्ट्राँग’ म्हणतात, ‘पॉवरफुल’ म्हणत नाहीत, आणि मोटारीच्या बाबतीत मात्र ‘पॉवरफुल’ सहज चालते, जरी दोन्ही विशेषणांचा कोशातला अर्थ जवळपास सारखाच आहे. मराठीत चहा कडक असतो, पाऊस मुसळधार असतो, विष जहाल असते. कठीण चहा किंवा जहाल पाऊस असे कोणी म्हणाले तर व्याकरणाचा एकही नियम मोडत नाही, तरी ऐकणारा चमकतो. शब्दसाहचर्य हे व्याकरण आणि कोश यांच्या मधल्या पट्ट्यात राहते, म्हणून दोन्ही पाठ असलेल्या माणसालाही ते निसटते.

या पट्ट्याची मोजणी आधी इंग्लंडमध्ये झाली नाही, ती जपानमध्ये झाली. हॅरल्ड पामर हे इंग्रजी अध्यापनाचे सल्लागार म्हणून 1922 साली तेथे गेले आणि 1933 मध्ये त्यांनी टोकियोतून इंग्रजी शब्दसाहचर्यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थिकोश 1942 मध्ये, महायुद्ध चालू असताना, टोकियोतच छापला गेला. प्रत्येक क्रियापदानंतर वाक्यरचना कशी चालते हे त्यात सांगितलेले होते. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये पुन्हा काढला आणि भारतातल्या महाविद्यालयांतही तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. इंग्रजी ज्यांच्या घरात बोलली जात नव्हती अशा विद्यार्थ्यांना शिकवताना या शिक्षकांना जे दिसले ते इंग्लंडमधल्या कोशकारांच्या सहसा नजरेस आले नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या भाषेतली सोबत आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती नोंदण्याजोगी आहे हेच सुचत नाही. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेच्या साहाय्याने संगणकावर कोट्यवधी शब्दांचा मजकूर साठवला आणि त्यावरून 1987 मध्ये ‘कोबिल्ड’ हा कोश सिद्ध केला. त्यांची पद्धत साधी होती. हवा तो शब्द प्रत्येक ओळीच्या मधोमध येईल अशा रीतीने त्याची शेकडो उदाहरणे एकाखाली एक छापायची आणि डावीकडे-उजवीकडे काय दिसते ते वाचत जायचे. अशा मांडणीत ‘टाइम’ मध्यभागी ठेवला की डावीकडच्या स्तंभात ‘स्पेंड’, ‘टेक’, ‘हॅव’, ‘वेस्ट’, ‘सेव्ह’, ‘लाँग’, ‘फर्स्ट’, ‘सेम’ हे शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागतात. बोलणारा माणूस दर वेळी सुटे सुटे शब्द निवडून वाक्य बांधत नाही, बरेचसे शब्द तो आधीच जोडलेल्या स्थितीत उचलतो, हा सिंक्लेअर यांचा निष्कर्ष अशाच स्तंभांच्या वाचनातून आला.

डावीकडच्या त्या स्तंभातला सर्वांत ठळक गट पैशाच्या क्रियापदांचा आहे. इंग्रजीत वेळ ‘स्पेंड’ करतात म्हणजे खर्चतात, ‘सेव्ह’ करतात, ‘वेस्ट’ करतात, ‘इन्व्हेस्ट’ करतात, परवडत नसेल तर ‘कान्ट अफोर्ड द टाइम’ म्हणतात, आणि एखादी चूक कोणाला एक तास ‘कॉस्ट’ करते. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ही सारी क्रियापदे एकाच रूपकाची अपत्ये ठरवली. वेळ हाच पैसा, ही ती कल्पना, जी बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1748 मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या उपदेशात मांडली होती. इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांनी 1967 च्या एका गाजलेल्या लेखात याची सांगड कारखानदारीशी घातली. शेतावरचा माणूस काम संपेपर्यंत राबत असे, पण गिरणीत मजुरी तासांवर ठरू लागल्यावर मालकाने वेळ विकत घेतला आणि तो वाया जाऊ नये यासाठी घड्याळ व शिटी आली. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे आणि बरेचसे खरेही आहे, मात्र ते भाषेवर सरसकट लादता येत नाही. ‘स्पेंड’ या क्रियापदाची वेळेशी जोडी मध्ययुगीन इंग्रजीतच आढळते, म्हणजे गिरण्यांच्या कितीतरी शतके आधी. कारखान्यांनी ही जोडी निर्माण केली नाही. आधीपासून असलेल्या जोडीला त्यांनी ताळेबंदाची काटेकोर धार दिली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. शिवाय रूपक सगळीकडे सारखे पसरत नाही. वेळ खर्चता येतो, वाचवता येतो, मुदत लांबवण्यासाठी ‘बाय टाइम’ म्हणून विकतही घेता येतो, पण कष्ट करून वेळ ‘अर्न’ केला असे नित्याच्या इंग्रजीत म्हणत नाहीत. रूपक वाट दाखवते. त्या वाटेवर कोणते क्रियापद चालेल हे मात्र रूढी ठरवते.

मराठीची जुनी क्रियापदे या जागी वेगळेच चित्र उभे करतात. मराठीत वेळ मुळात स्वतः जातो, आणि माणूस त्याला जायला लावतो तेव्हा तो वेळ ‘घालवतो’. हातचा निसटू दिला तर ‘दवडतो’. कसाबसा रेटला तर ‘काढतो’. वेळ खर्च करणे हा प्रयोग आता सर्रास होतो आणि त्यात गैर काही नाही, तरी ‘घालवणे’ या क्रियापदातली मोकळीक त्यात नाही. दोन दिवस गावी आनंदात घालवले, असे म्हणता येते आणि दोन दिवस उगाच घालवले, असेही म्हणता येते, कारण ‘घालवणे’ चांगल्या-वाईटाचा निवाडा करत नाही. इंग्रजीतले ‘स्पेंड’ हेही असेच तटस्थ आहे, म्हणून त्याचा खरा जोडीदार ‘खर्च करणे’ नसून ‘घालवणे’ आहे. ‘वेस्ट’ला मात्र ‘दवडणे’, ‘वाया घालवणे’ किंवा ग्रांथिक भाषेतला ‘कालापव्यय’ शोभतो.

क्रियापद नामाबरोबरच पुढच्या रचनेलाही आपल्यासोबत ओढून आणते, आणि शब्दांच्या या व्याकरणिक सोबतीला फर्थ यांनी ‘कोलिगेशन’ असे वेगळे नाव दिले होते. ‘स्पेंड टाइम’नंतर दुसरे क्रियापद ‘-इंग’ प्रत्यय घेऊन येते, म्हणून ‘शी स्पेंट हर टाइम रीडिंग’ हे बरोबर आणि ‘टू रीड’ हे चूक. ‘हॅव टाइम’नंतर नेमके उलटे होते, तेथे ‘टू रीड’ हवे. गोष्टीवर वेळ घालवला तर ‘ऑन’, माणसाबरोबर घालवला तर ‘विथ’. मराठीत ‘वाचण्यात वेळ घालवला’ आणि ‘वाचायला वेळ आहे’ यांतला फरक हुबेहूब याच जागी आहे: एकीकडे सप्तमीचा ‘-त’, दुसरीकडे ‘-ला’. असा आधार घरच्याच भाषेत तयार असताना इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत हा नियम केवळ घोकायला लावतात, ही खेदाची गोष्ट आहे.

‘टेक’ हे क्रियापद जवळून पाहण्याजोगे आहे. ‘घेणे’ हा त्याचा मूळ अर्थ ‘टाइम’च्या शेजारी आल्यावर इतका पातळ होतो की अभ्यासक अशा क्रियापदांना अर्थ गळालेली क्रियापदे म्हणतात, ‘मेक’, ‘हॅव’, ‘डू’ ही याच कुळातली. ‘इट टेक्स टाइम’ या वाक्यात कोणी काही घेत नाही. कर्त्याच्या जागी बसवलेला ‘इट’ हा निव्वळ नावापुरता असतो आणि मराठीत त्याचे काम ‘लागणे’ करते: वेळ लागतो. ज्याला वेळ लागतो त्या माणसाला मराठी ‘मला’ किंवा ‘तिला’ असे चतुर्थीच्या रूपात ठेवते, इंग्रजी त्याला क्रियापदाच्या मागोमाग कर्म करून बसवते: ‘इट टुक मी टू अवर्स’. ‘लागणे’ आपोआप घडणारे असल्याने ‘टाइम इज टेकिंग’ अशी मोडकी रचना मराठी तोंडातून निघते. तिच्यामागे ‘वेळ लागतोय’ हे वाक्य जसेच्या तसे उभे असते. आणि ‘टाइम’च्या आधी ‘युअर’ एवढा एक शब्द घातला की अर्थ पालटतो. ‘टेक युअर टाइम’ म्हणजे सावकाश होऊ द्या, घाई नाही. हेच बोलणे तिसऱ्या माणसाबद्दल केले, ‘ही टुक हिज टाइम’, की त्यात कंटाळ्याची किंवा तक्रारीची छटा येते. पुढे ‘ऑफ’ जोडला तर कामावरून रजा घेतली असा अर्थ होतो. क्रियापद तेच, नाम तेच, आणि अर्थ मात्र चार.

रिकामा वेळ ढकलण्याच्या शब्दप्रयोगांत उपपदांचा असाच आग्रह दिसतो. ‘किल टाइम’मध्ये बहुधा काहीच उपपद लागत नाही, ‘पास द टाइम’ आणि ‘व्हाइल अवे द टाइम’ यांत ‘द’ येतो, आणि संधीची वाट पाहत दबा धरणे या अर्थाच्या ‘बाइड वन्स टाइम’मध्ये ‘आपला’ दाखवणारे सर्वनाम अपरिहार्य असते. यातले ‘बाइड’ हे क्रियापद एके काळी वाट पाहणे, थांबणे या अर्थाने स्वतंत्रपणे हिंडत असे. आजच्या प्रमाण इंग्रजीत ते जवळजवळ याच एका शब्दप्रयोगात जिवंत आहे. मराठीत ‘फावला’ या विशेषणाची स्थिती हीच आहे. फावला वेळ असतो. फावला दिवस किंवा फावला पैसा कोणी म्हणत नाही. इंग्रजीतल्या ‘स्पेअर टाइम’ला इतका चपखल प्रतिशब्द आपल्याकडे असताना अलीकडच्या लेखनात ‘अतिरिक्त वेळ’ असे रुक्ष भाषांतर दिसते, ते टाळण्याजोगे आहे. ‘किल टाइम’चे शब्दशः भाषांतर तर थेट दुसऱ्याच दाराशी नेऊन सोडते. मराठीत ‘वेळ मारून नेणे’ हा वाक्प्रचार आहे, पण त्याचा अर्थ रिकामपण घालवणे असा होत नाही. अडचणीच्या प्रसंगातून काहीतरी बोलून किंवा करून निभावणे हा त्याचा अर्थ. सभेत अनपेक्षित प्रश्न आल्यावर वक्ता वेळ मारून नेतो, तेव्हा त्याच्याकडे मारायला रिकामा वेळ मुळीच नसतो.

काही जोड्यांत जुने व्यवसाय आणि जुने अर्थ गोठून राहिले आहेत. घड्याळ पाहून किती वाजले ते ओळखणे याला इंग्रजीत ‘टेल द टाइम’ म्हणतात, आणि अमेरिकेत ‘द’ गाळून ‘टेल टाइम’. येथे ‘टेल’चा अर्थ सांगणे असा नसून मोजणे असा आहे. बँकेत नोटा मोजणाऱ्या ‘टेलर’मध्ये तोच अर्थ आहे, आणि मोजण्याचे जर्मन क्रियापद ‘त्सेलन’ याच कुळातले आहे. जागच्या जागी पावले आपटण्याच्या लष्करी कवायतीतून ‘मार्क टाइम’ आला आणि पुढे काहीच प्रगती न होता थांबून राहणे असा त्याचा अर्थ झाला. गायक-वादक ‘कीप टाइम’ करतात म्हणजे लय सांभाळतात, वाद्यवृंदाचा संचालक ‘बीट टाइम’ करतो म्हणजे हाताने ताल दाखवतो. घड्याळही ‘कीप टाइम’ करते, आणि येथे ‘लूज’ या क्रियापदाचा अर्थ पालटतो: माणसाने ‘लूज टाइम’ केले तर त्याचा वेळ फुकट गेला, घड्याळाने केले तर ते मागे पडले. जॉन हॅरिसन यांच्या चौथ्या सागरी घड्याळाची परीक्षा 1761 मध्ये इंग्लंडहून जमैकाला जाणाऱ्या जहाजावर झाली, तेव्हा सुमारे अडीच महिन्यांच्या प्रवासात ते केवळ 5 सेकंदांच्या आसपास मागे पडल्याचे आढळले; रेखांश ठरवण्याचा प्रश्न ज्या यंत्राने सोडवला त्याला इंग्रजीत ‘टाइमकीपर’ हेच नाव होते. तुरुंगातली शिक्षा भोगणे याला मात्र औपचारिक भाषेत ‘सर्व्ह टाइम’ आणि बोलण्यात ‘डू टाइम’ म्हणतात, आणि तेथे उपपदाला वाव नाही.

विशेषणांकडे वळल्यावर पहिला प्रश्न ‘लाँग’चा येतो. इंग्रजी वेळेला लांबी देते: ‘अ लाँग टाइम’. मराठीत ‘लांब वेळ’ होत नाही. ‘बराच वेळ’, ‘खूप वेळ’, ‘थोडा वेळ’ होतो, म्हणजे मराठी वेळेला परिमाण देते आणि लांबी सहसा ‘काळ’ या शब्दासाठी राखून ठेवते: दीर्घ काळ, प्रदीर्घ काळ. ग्रीक आणि स्पॅनिश या भाषाही वेळ पुष्कळ असल्याचे सांगतात, लांब असल्याचे नव्हे. डॅनियल कॅसासँटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये याच भेदावर प्रयोग मांडला. संगणकाच्या पडद्यावर हळूहळू लांबत जाणारी रेघ आणि हळूहळू भरत जाणारे पात्र दाखवून त्यांनी किती वेळ गेला याचा अंदाज करायला सांगितले, तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्यांचा अंदाज रेघेच्या लांबीने अधिक चुकवला आणि ग्रीक बोलणाऱ्यांचा पात्रातल्या भरतीने. अशा प्रयोगांवरून भाषा विचाराला कोंडून ठेवते असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. कारण थोड्याशा सरावाने इंग्रजी भाषकांनाही परिमाणाची सवय लागते, हेही याच संशोधनातून पुढे आले. विशेषणाची निवड केवळ कानाच्या सवयीची बाब नाही, एवढे मात्र त्यातून ठरते.

‘गुड टाइम’ हा शब्दगट तर ‘टाइम’च्या स्वभावाचा उत्तम नमुना आहे. ‘हॅव अ गुड टाइम’ म्हणजे मजेत वेळ घालवणे, ‘इन गुड टाइम’ म्हणजे वेळेच्या पुरेसे आधी, आणि ‘मेक गुड टाइम’ म्हणजे प्रवासात अपेक्षेपेक्षा झपाट्याने अंतर कापणे. विशेषण आणि नाम दोन्ही जसेच्या तसे, पण बाजूचा एखादा शब्द हलला की आनंद, तत्परता आणि वेग असे तीन वेगळे अर्थ बाहेर येतात. ‘हार्ड’ या विशेषणाचा खेळ एकवचन-अनेकवचनावर चालतो: ‘अ हार्ड टाइम’ ही एका माणसावर आलेली अडचण, तर ‘हार्ड टाइम्स’ हे सगळ्या समाजावर आलेले हलाखीचे दिवस, आणि डिकन्स यांच्या 1854 सालच्या गिरणगावावरील कादंबरीचे नाव यातले दुसरे आहे. अनेकवचनी ‘टाइम्स’ म्हणजे युग, जमाना. लंडनच्या एका दैनिकाने 1788 मध्ये जुने लांबलचक नाव टाकून ‘द टाइम्स’ हे नाव घेतले, मुंबईत 1838 मध्ये ‘बॉम्बे टाइम्स’ निघाला, आणि शिवराम महादेव परांजपे यांनी पुण्यात 1898 मध्ये साप्ताहिक काढले त्याचे नाव ‘काळ’ होते; ‘वेळ’ हे नाव वृत्तपत्राला कधीच शोभले नसते, कारण युगाचा अर्थ मराठीत ‘काळ’ हा शब्द वाहतो.

‘हाय टाइम’ या जोडीतला ‘हाय’ उंचीचा नव्हे. भर दुपारला ‘हाय नून’ आणि ऐन उन्हाळ्याला ‘हाय समर’ म्हणतात त्याच अर्थाने तो येथे आहे: वेळ पुरेपूर भरली आहे. मराठीतले ‘भर’ आणि ‘ऐन’ हे दोन शब्द या विशेषणाच्या आशयाच्या इतके जवळ आहेत की ते सांगितल्याबरोबर विद्यार्थ्याची उंचीची अडचण नाहीशी होते. या जोडीमागून येणारे व्याकरण मात्र इंग्रजीच्या खास पद्धतीचे आहे. ‘इट्स हाय टाइम वी लेफ्ट’ या वाक्यात अजून कोणी निघालेले नसते, तरी क्रियापद भूतकाळी असते, कारण जे घडायला हवे होते आणि घडलेले नाही ते दाखवण्यासाठी इंग्रजी भूतकाळाचे रूप वापरते. मराठीत याच भावनेला ‘एव्हाना निघायला हवे होते’ म्हणतात, आणि त्यातला ‘होते’ तेच काम करतो.

‘टाइम’चा उगम पाहिला तर त्याची इतकी रूपे का झाली याचा थोडा उलगडा होतो. जुन्या इंग्रजीत ‘टीमा’ आणि ‘टीड’ असे दोन सगोत्र शब्द होते आणि दोघांच्या मुळाशी वाटणे, भाग पाडणे ही कल्पना होती. पहिल्याचा ‘टाइम’ झाला. दुसऱ्याचा ‘टाइड’ झाला आणि तो हळूहळू समुद्राच्या भरती-ओहोटीकडे सरकला. कालाचा जुना अर्थ ‘यूलटाइड’सारख्या सामासिक शब्दांत तेवढा उरला. मराठी ‘वेळ’ ज्यातून आला त्या संस्कृत ‘वेला’ या शब्दातही सीमा, समुद्रकिनारा, भरती आणि काल हे अर्थ एकत्र नांदतात. दोन दूरच्या भाषांनी पाण्याच्या नियमित येण्याजाण्यात काळ मोजला, ही गोष्ट मनाला स्पर्श करणारी आहे.

मराठीच्या हाती मात्र या एका शब्दाबाबत असे साधन आहे जे इंग्रजीकडे नाही, ते म्हणजे लिंग. ‘वेळ’ पुल्लिंगी असतो तेव्हा तो कालावधी असतो आणि स्त्रीलिंगी असते तेव्हा ती नेमका क्षण, मुहूर्त किंवा प्रसंग असते. डॉक्टरांनी वेळ दिला, म्हणजे रुग्णाशी पुरेसे बोलले. डॉक्टरांनी वेळ दिली, म्हणजे सायंकाळी साडेपाचला या असे सांगितले. वेळ गेला म्हणजे तास-दोन तास खर्ची पडले. वेळ गेली म्हणजे संधी हुकली. जेवायला वेळ आहे, यात थांबावे लागते; जेवणाची वेळ झाली, यात उठावे लागते. त्यामुळे क्रियापदांचीही वाटणी होते: वेळ घालवला, दवडला, लागला, वाचवला हे सारे पुल्लिंगी, वेळ पाळली, साधली, चुकवली, टळली, मारून नेली हे सारे स्त्रीलिंगी. ‘वेळ आली होती, पण काळ आला नव्हता’ या म्हणीत आलेली वेळ स्त्रीलिंगीच असते, कारण तो प्रसंग आहे. इंग्रजी हाच भेद उपपदाने दाखवते. ‘गिव्ह टाइम’मध्ये कालावधी, ‘गिव्ह अ टाइम’मध्ये ठरवलेली घटका, ‘फिक्स’, ‘सेट’ आणि ‘अग्री ऑन’ या क्रियापदांना म्हणूनच ‘अ टाइम’ हवा असतो. उपपदे वापरण्याची सवय नसलेल्या मराठी विद्यार्थ्याला ‘अ’ कधी घालायचा हे सांगण्याची सर्वांत सोपी वाट त्याच्याच भाषेतून जाते: ‘दिली’ म्हणावेसे वाटले तर ‘अ’ घालावा, ‘दिला’ म्हणावेसे वाटले तर बहुधा घालू नये. ही कसोटी सगळीकडे चालत नाही. ‘अ लाँग टाइम’मध्ये कालावधी असूनही ‘अ’ आहेच. तरीही वर्गात तिचा उपयोग करून पाहण्यासारखा आहे. गणतीसाठी मराठी ‘तीन वेळा’ असे अनेकवचन वापरते आणि इंग्रजीही ‘थ्री टाइम्स’ असे अनेकवचनच वापरते. ‘ऑन टाइम’ला ‘वेळेवर’ आणि ‘इन टाइम’ला ‘वेळेत’ हे तर अव्ययांसह जुळतात, आणि त्या दोहोंतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.

‘वेळ काढणे’ या प्रयोगाने मात्र भारतीय इंग्रजीत एक खूण सोडली आहे. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत, कामातून सवड करणे आणि चालढकल करणे. दुसऱ्यातूनच वेळकाढूपणा हा शब्द आला, ज्याला इंग्रजीत ‘प्ले फॉर टाइम’ म्हणतात. पहिल्या अर्थासाठी इंग्लंड-अमेरिकेत ‘मेक टाइम’ किंवा ‘फाइंड टाइम’ म्हणतात, भारतात मात्र ‘टेक आउट टाइम’ सर्रास ऐकू येते, आणि त्यात ‘काढणे’चा ठसा स्पष्ट आहे. ‘पास द टाइम’मधला ‘द’ गळून, शब्दांचा क्रम उलटून भारतात ‘टाइमपास’ हे नाम तयार झाले; ते मराठीत क्रियापद म्हणून ‘करणे’ घेते आणि चौपाटीवरच्या शेंगदाण्यांपासून चित्रपटाच्या शीर्षकापर्यंत सर्वत्र वावरते. योगायोग असा की इंग्रजीतले ‘पास्टाइम’ हे नामही फ्रेंच ‘पास-तां’च्या धर्तीवर याच दोन घटकांतून, पण सुलट्या क्रमाने, पंधराव्या शतकात घडले होते.

मराठी बोलण्यात ‘टाइम’ हा शब्द आता पक्का रुळला आहे, पण तो आपली इंग्रजी सोबत घेऊन आलेला नाही. टाइम लागतो, टाइम काढतात, टाइम घालवतात, टाइमावर येतात. सगळी क्रियापदे आणि विभक्तिप्रत्यय मराठीच राहिले आहेत. ‘टाइम स्पेंड करणे’ शहरांतल्या तरुणांच्या तोंडी अलीकडे ऐकू येते, तरी तेथेही शेवटचे काम ‘करणे’च करते. गमावले आहे ते लिंग. ‘टाइम’ मराठीत नेहमी पुल्लिंगी असतो, म्हणून ‘शाळेची वेळ झाली’च्या जागी ‘शाळेचा टाइम झाला’ येतो, ‘डॉक्टरांनी वेळ दिली’ आणि ‘डॉक्टरांनी वेळ दिला’ हे दोन्ही ‘डॉक्टरांनी टाइम दिला’ या एकाच वाक्यात विरघळतात, आणि इंग्रजीने उपपदाने राखलेला व मराठीने लिंगाने राखलेला भेद या उसन्या शब्दात दोन्हीकडून सुटतो. ऐकणाऱ्याला मग विचारावे लागते: किती वाजताचा?